न दुखणारी पाठ

माझी पाठ ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण इथे नेदरलँड्समधल्या आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींना अजूनही वाटतं की गेल्या वर्षी माझ्या मणक्याची गादी सरकली होती. कुणी उशा सुचवल्या, एकाने स्वतःची ऑफिसची खुर्ची आणून दिली. गणपतीला मी गेलो नाही तेव्हा डब्यातून मोदक आले आणि सोबत निरोप, 'पाठीला जप रे बाबा.' मोदक मी खाल्ले. लोकांचा काही दोष नव्हता, त्यांना आम्हीच तसं सांगितलं होतं.

मला झालं होतं ते डिप्रेशन. हिवाळ्यात झालं असतं तर निदान कुणाला पटलं तरी असतं. मला झालं मे महिन्यात, जेव्हा सगळे डच लोक अर्ध्या चड्ड्या घालून कॅफेच्या बाहेर उन्हात बसतात. नोकरी चांगली चालली होती. बायको होती, ऋचा. रायस्वाइकमध्ये भाड्याचं का होईना, पण ऐसपैस घर होतं. फक्त सकाळी दात घासायला उठायचं म्हटलं की रडू यायचं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये लोकांचे ओठ हलताना दिसायचे आणि त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. मग एक दिवस मी गेलोच नाही, आणि दुसऱ्या दिवशीही गेलो नाही.

*

इथे काहीही झालं की आधी हाउसआर्ट्सकडे जायचं, म्हणजे आपल्या भागातल्या ठरलेल्या फॅमिली डॉक्टरकडे. त्यांच्याबद्दल आपल्या लोकांचं गाऱ्हाणंही ठरलेलं आहे, की काहीही घेऊन जा, पॅरासिटमॉल देतात आणि घरी पाठवतात. मला तेच हवं होतं. झोप लागत नाही, थकवा आहे, व्हिटॅमिन डी तपासून द्या, एवढं बोलून मी सुटणार होतो. मी धड काही सांगणार नाही याची खात्री असल्यामुळे ऋचा सोबत आली.

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं आणि माझ्याकडे वळल्या. कशाची ॲलर्जी आहे का, हे विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "मरणाचे विचार येतात का?"

"हो," मी म्हणालो, तशाच आवाजात.

ऋचाने जॅकेटची चेन खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं, तेही मी दुसऱ्याच कुणाला तरी सांगताना. मला लाज वाटायला हवी होती, निदान तिच्याबद्दल वाईट तरी. मला काहीच वाटलं नाही. या दुखण्यात दुखत काही नाही, सगळं बधिर होतं, आणि ते दुखण्यापेक्षा वाईट असतं.

त्याच दुपारी तातडीच्या सेवेतली दोन माणसं घरी आली. गोळ्या सुरू झाल्या. द हेगमधल्या एका उपचार केंद्राच्या यादीत नाव लागलं. जाताना त्यातल्या नर्सने ऋचाला बाजूला घेतलं. यांना घरात एकटं ठेवायचं नाही, ती म्हणाली, आणि तुमच्याशिवाय हे आणखी कुणाला माहीत आहे?

"कुणालाच नाही."

आणखी एका माणसाला तरी माहीत असायला हवं, ती म्हणाली. आम्ही दोघांनी मान डोलावली. यजमानांनी अजून एक पोळी वाढायला घेतली की आपण 'बघू' म्हणतो, तशी.

*

खोटं बोलायचं असं काही ठरलं नव्हतं. आईचा व्हिडिओ कॉल आला, भर दुपारी मी अंथरुणात होतो. "हा असा का पडलाय गं?" आईने विचारलं. ऋचाच्या तोंडून निघून गेलं, "पाठ धरलीये त्याची."

आणि सगळं किती सोपं झालं. पाठदुखी हे आयटीवाल्यांचं इज्जतदार दुखणं आहे. सगळ्यांना ते कळतं, सगळ्यांकडे त्यावर उपाय असतो आणि कुणी खोलात शिरत नाही. आईला सांगितलं म्हणून मावशीला सांगितलं, मावशीला सांगितलं म्हणून इथल्या लोकांना. महिन्याभरात माझी गादी सरकली, मग नस दबली. ऑपरेशन मात्र आम्ही टाळलं.

खरं काय ते एकट्या ऋचाला ठाऊक होतं. ती घरून काम करायची, लॅपटॉप घेऊन मी असेन त्या खोलीत बसायची. मी बाथरूममध्ये जरा जास्त वेळ लावला की दारावर टकटक. "निखिल, टॉवेल आहे ना?" टॉवेल नेहमीच असायचा. तिचं वजन उतरलं. आम्ही भांडायचो ते दुधाच्या पातेल्यावरून, कचऱ्याच्या डब्यावरून. ज्याच्यावरून भांडायला हवं होतं त्याबद्दल दोघंही बोलत नव्हतो.

*

उपचार केंद्रातली जागा मिळायला वेळ होता, म्हणून मी आपलं आपण बरं व्हायचं ठरवलं. आम्ही चिंचवडच्या शाळेत शिट्टीच्या तालावर सूर्यनमस्कार घातलेली पोरं. योग म्हणजे घाम, योग म्हणजे आकडा, आणि आकडा पूर्ण झाला नाही तर मैदानाला फेऱ्या. मी मॅट आणली, फोनवर ॲप घेतलं आणि पहिल्याच सकाळी बारा नमस्कारांचा संकल्प सोडला. थोड्याच नमस्कारांनंतर कपाळ जमिनीला टेकलं ते वर आलंच नाही. नव्या रबराचा वास नाकात जात होता आणि फोनमधला माणूस उत्साहाने 'और एक, और एक' म्हणत होता. साधे नमस्कारही जमत नाहीत म्हणजे आपण संपलो, असा निष्कर्ष मी तिथल्या तिथे काढला. मॅट गुंडाळून कपाटामागे टाकली.

गणपतीनंतर केंद्रात जायला लागलो. आठवड्यातून तीन दिवस ऋचा मला ट्रामने सोडायची आणि तिथूनच पुढे ऑफिसला जायची. सकाळी सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि आज कसं वाटतंय ते एका वाक्यात सांगायचं. मी रोज 'सेम' म्हणायचो. मग कुणाशी तरी बोलणं, मग सूप आणि ब्रेड, मग मरेयकेचा वर्ग. मरेयके म्हणजे साठीची, उंच, जाड लोकरी मोजे घालणारी बाई. आता ही मला योग शिकवणार, म्हणून मी मनातल्या मनात नाक मुरडलं.

तिने ब्लँकेटं वाटली, लोडासारख्या लांबट उशा वाटल्या. पाठीवर झोपा, म्हणाली, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. श्वास नेहमीसारखा घ्या, सोडताना मात्र जरा लांबवा. मी विचारलं, किती वेळा? ती म्हणाली, मोजायचं नाही. मग हात सावकाश डोक्याच्या मागे न्यायचे होते. माझे उचलेनात. मी सॉरी म्हणालो. ती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "हूफ्त नीत." म्हणजे, नाही केलंस तरी चालेल.

आजवर मला हे कुणी म्हटलं नव्हतं. शाळेत नाही, क्लासात नाही, इंजिनिअरिंगला तर नाहीच नाही. मी ब्लँकेट तोंडावर ओढून रडलो. तिने रडू दिलं.

बरं वाटलं, असं मी म्हणणार नाही. श्वास सोडताना पोटातली गाठ जराशी सैल व्हायची आणि घेताना पुन्हा आवळायची. पण ती सैल होऊ शकते एवढं तरी कळलं. तेवढ्यावर मी पुढच्या वेळी ट्राममध्ये चढलो. घरीही रोज सकाळी पुढच्या खोलीत खुर्ची घेऊन तेच करायला लागलो. गोळ्या चालूच होत्या. त्यांनी तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे, आणि मी त्या घेत राहिलो.

*

दिवाळी झाल्यावर आई आली. ती महापालिकेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. बाबा गेल्यापासून चिंचवडला एकटीच राहते. लेकाची पाठ बरी करून जायची असं ठरवूनच ती विमानात बसली होती. बॅगेत महानारायण तेलाच्या बाटल्या, कमरेचा पट्टा, शेकायची रबरी पिशवी आणि उरलेल्या जागेत चकल्या.

केंद्र नसेल त्या दिवशी ऋचा ऑफिसला गेली की आई मला पालथं झोपवायची. तिच्या अंगठ्यांत अजून जोर आहे. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खालून वर जाताना ती मध्येच थांबून विचारायची, "इथे?" आणि मी म्हणायचो, "हां, तिथेच." काल कुठलं खोटं सांगितलं ते माझ्या लक्षात राहायचं नाही, त्यामुळे जागा रोज बदलायची. तिला वाटायचं, दुखणं फिरतंय. ती आणखी तेल घ्यायची. मी उशीत तोंड खुपसून पडून राहायचो आणि या बाईला आपण काय करायला लावतोय या विचाराने जीव नकोसा व्हायचा.

पोटऱ्या खुर्चीवर टाकून पडलेलं मला पाहून ती म्हणाली, "हा कसला योग? हे तर लोळणं झालं."

"फिजिओने सांगितलंय."

"आणि पडदे तरी ओढ. सगळा रस्ता बघतोय."

इथे खिडक्या मोठ्या आणि पडदे उघडे. शेजारचे आजोबा कुत्र्याला फिरवताना मला जमिनीवर पडलेला बघायचे आणि हात हलवायचे. मीही पडल्या पडल्या हात हलवायचो.

ऋचाला वाटलं होतं, घरात माणूस आलं, आता ऑफिसात थोडा वेळ तरी फोनकडे न बघता बसता येईल. पण आपण कशावर लक्ष ठेवतोय हे आईला ठाऊकच नव्हतं. मी वजन उचलू नये, एवढंच ती बघायची. माझ्या हातातली पिशवी काढून घ्यायची आणि मला झोपवून स्वतः भाजीला जायची. पाठीच्या पेशंटला पडून राहा सांगून बाहेर जाण्यात वावगं ते काय?

एका संध्याकाळी आई आंघोळीला गेली तेव्हा ऋचा म्हणाली, "तू आईंना सांग. मला एकटीला नाही झेपत आता."

"सांगतो."

"कधी?"

"तिचं बीपी आहे, ऋचा."

"माझं बीपी कुणी बघितलंय?"

मला बीपीची काळजी नव्हती. आईच्या लेखी असले आजार रिकामटेकड्यांना होतात. तिने तसं म्हटलं असतं तर ते मला पटलं असतं, आणि मग माझ्याकडे काहीच उरलं नसतं.

*

डिसेंबरातल्या एका सकाळी आई कोथिंबीर आणायला, आपल्याकडच्या भाज्या मिळणाऱ्या सुरिनामी दुकानात गेली. येताना उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसली. फोन घरीच विसरली होती. ती कुठे कुठे फिरली ते मला नंतर कळलं. घरी मात्र मी एकटा होतो आणि तो दिवस वाईट होता.

किती वाईट, ते लिहीत नाही. ज्याने हे भोगलंय त्याला कळेल आणि बाकीच्यांना कळायची गरज नाही. एवढंच सांगतो, की एरवी विचार यायचे आणि जायचे, त्या दिवशी ते ठरत होते. ऋचाला फोन करायला हवा होता. फोन पुढच्या खोलीत होता आणि मी स्वयंपाकघरात. तेवढं अंतर मला पार होईना.

मी तिथेच फरशीवर आडवा झालो. स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली, पोटऱ्या तिच्यावर टाकल्या आणि श्वास सोडायला लागलो. लांब. पुन्हा लांब. श्वासाने मला वाचवलं, असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल. त्याने मला फक्त जमिनीवर ठेवलं. उठून काही करण्याइतकं उठू दिलं नाही. त्या दिवशी तेवढंच काम होतं.

दार वाजलं. आई आत आली आणि मला फरशीवर पाहून दारातच थिजली.

"हलू नकोस. अजिबात हलू नकोस. अँब्युलन्सचा नंबर काय इथला?"

"आई, पाठ दुखत नाहीये."

"मग पडलास कसा?"

"पाठ कधी दुखतच नव्हती."

आणि मग मी छताकडे बघत सगळं सांगितलं. मे महिन्यापासूनचं, डॉक्टरबाईंचं, गोळ्यांचं, फिजिओ म्हणून सांगितलेलं ते केंद्र खरं कसलं आहे त्याचं. कोट अंगात, कोथिंबिरीची पिशवी हातात, ती तशीच उभी होती. मी थांबल्यावर म्हणाली, "मग इतके दिवस मी काय चोळत होते?"

तिने पिशवी ओट्यावर ठेवली.

"तुला काय कमी आहे रे निखिल?"

हेच ते वाक्य, ज्याला मी इतके महिने घाबरत होतो. आता ते बोलून झालं होतं आणि मी अजून फरशीवरच होतो. आई तिच्या खोलीत गेली, पण दार तिने उघडं ठेवलं.

संध्याकाळी ऋचा आली. अजून बूटही काढले नव्हते तोच आई समोर उभी राहिली. "तू मला सांगितलं असतंस, तर मी कोथिंबिरीसाठी गेले असते का?"

ऋचा एक बूट पायात आणि एक हातात अशी उभी राहून रडायला लागली. इतक्या महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आईने तिला जवळबिवळ घेतलं नाही. पानं वाढली. तिघंही जेवलो, आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही.

*

पुढचे काही दिवस तेलाची बाटली न्हाणीघरातच राहिली. आई माझ्याशी चहापुरतं बोलायची. केंद्राच्या दिवशी मात्र ती न सांगता कोट चढवून तयार झाली, ट्राममध्ये माझ्या शेजारी बसली आणि दिवसभर तिथल्या बाकावर बसून राहिली. कुणी कॉफी विचारली तर नको म्हणाली.

नंतर एका सकाळी मी पुढच्या खोलीत खुर्चीवर पाय टाकून पडलो होतो. ती येऊन सोफ्यावर बसली. आयुष्यभर पोरांना सरळ प्रश्न विचारलेली बाई ती.

"निखिल, तुला मरावंसं वाटतं का?"

"हो. रोज नाही."

"आज?"

"आज नाही."

"बरं," ती म्हणाली आणि गॅसवरचं दूध बघायला गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आज?" "नाही." "बरं." त्यापुढे उपदेश नाही, उसासा नाही. मला वाटलं होतं, असं विचारलं तर तो विचार आणखी घट्ट होईल. उलट झालं. दिवसातून एकदा तो विचार घरातल्या माणसासमोर मांडला जायचा आणि उरलेला दिवस मला तो लपवायला लागायचा नाही.

मी श्वास सोडत पडलेला असताना तीही सोफ्यावर डोळे मिटून नाकाने फुस्स आवाज करत श्वास सोडायची. "हे लोळणं मला जमण्यासारखं आहे," एकदा म्हणाली. ऋचा पुन्हा जेवायला लागली. ती घरी आली की आधी दोघी स्वयंपाकघरात काहीतरी हळू बोलायच्या. ते माझ्याबद्दलच असायचं आणि मला त्याचं वाईट वाटायचं नाही.

मग एके दिवशी आई तेलाची वाटी गरम करून घेऊन आली. "पाठ दे."

"दुखत नाहीये गं."

"माहितीये. दे."

*

व्हिसा संपला तशी आई जानेवारीअखेर परत गेली. स्किपोल विमानतळावर ती ऋचाशी बोलली, माझ्याशी नाही.

मी बरा झालो आहे, असं मला लिहिता येत नाही. अर्धवेळ कामावर जातो. गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टर सांगेपर्यंत चालू राहतील. तुम्ही घेत असाल तर योग सुरू केलात म्हणून त्या मनाने बंद करू नका, हे हात जोडून सांगतो. योग मी करतो तो इतकाच. पोटऱ्या खुर्चीवर, श्वास लांब. बरा दिवस असेल तर मांजरासारखी पाठ वर-खाली. नाहीच जमलं तर हूफ्त नीत. आपल्याकडे सांगतात तसं मन वगैरे प्रसन्न होत नाही. दिवसातली थोडी मिनिटं स्वतःला शिव्या घालणं थांबतं. आणि तुमच्या घरात हे फक्त एकाच माणसाला ठाऊक असेल, तर आज दुसऱ्याला सांगा. तो चुकीचं बोलेल. तरी सांगा.

ज्यांची खुर्ची आमच्याकडे आहे त्यांनी ती घेऊन जावी. चांगली आहे, पण माझी पाठ ठणठणीत आहे.

आई रोज सकाळी फोन करते. तिकडे तिचा स्वयंपाक आटोपत आलेला असतो. जेवलास का, थंडी आहे का, यातलं काही विचारत नाही. "आज?" एवढंच. मी 'नाही' म्हणतो, ती 'बरं' म्हणते. त्यातले सगळेच 'नाही' खरे नव्हते. ती लांब आहे, एकटी आहे, दिवसभर जिवाला घोर लावून घेईल, म्हणून मी काही वेळा तसंच म्हणून टाकायचो.

फेब्रुवारीतली एक सकाळ. पाऊस लागला होता, मी अंथरुणातच होतो. फोन वाजला.

"आज?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "आज आहे."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"बरं," आई म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, जरा घोगरा. "ऋचा कुठे आहे?"

"आंघोळीला."

"तिला बाहेर येऊ दे. तोवर फोन ठेवायचा नाही. श्वास सोड. मी ऐकतेय."

मी सोडला. तिकडून तिचाही ऐकू येत होता, तोच फुस्स आवाज. नळ बंद झाला, दाराची कडी निघाली. ऋचा केसांना टॉवेल गुंडाळत बाहेर आली आणि माझ्याकडे पाहून थांबली. मी फोन तिच्या हातात दिला, आणि आईला सांगितलं होतं तेच तिलाही स्वतःच्या तोंडाने सांगितलं.